हरकत

मा. अधिकारी साहेब,
कोल्हापूर.
पेपरात तुमची नोटीस वाचली.
'स्टेडियम खासगी मालकास विकण्याबाबत
नागरिकांनी हरकती पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात.'
आज चौदावा दिवस.

मी हिंदुराव पसारे.
मैदानावर फक्की मारतो, सदतीस वर्षं.
लिहायची सवय तेवढीच :
दोऱ्याच्या कडेनं सरळ रेघ
आणि मधोमध एक गोल.

किंमत किती ते तुम्ही छापलंय.
मोजमाप चुकलंय, ते मी सांगतो.
कागदावर पायऱ्या अठरा.
आहेत एकोणीस.
सगळ्यात खालची मातीत गेलीय.
तिच्यावर चारच्या उन्हात
पेठेतले म्हातारे बसतात बुडाखाली पेपर घालून,
हातात भडंगाचा पुडा.
पोरानं गोल चुकवला की त्याच्या आज्याचा उद्धार करतात,
कारण आजाही तिथंच चुकलेला असतो,
त्यांच्या देखत.
ही पायरी विक्रीत धरली का?

आणि पुराच्या वर्षी
पंचगंगेकाठची म्हसरं आणून बांधली होती
गोलपोस्टाला. नऊ दिवस.
पेनल्टीच्या ठिपक्यावर एक रेडकू जन्मलं.
परवानगी कुणाची घ्यायची
हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.
मालक असता तर विचारावं लागलं असतं.
नाही म्हणाला असता असं नव्हं. दिली पण असती.
पण विचारावं लागलं असतं.

इथवर लिहून प्रणालीला दाखवलं.
भावाची पोरगी. गोलकीपर. ढोपरं बारमाही सोललेली.
वाचून म्हणाली,
"काका, मी कापडं कुठं बदलतो, माहीत हाय?"
मला माहीत नव्हतं.
"रोलरच्या शेडमागं. दोघी ओढणी धरून उभारत्यात.
संडासाला कडी नाही. पाणी नाही.
मॅच असली की सकाळपासनं मी घोटभर पीत नाही.
तो मालक खोली देतो म्हणतोय. गवत देतो म्हणतोय.
विकू दे की."

साहेब, शेड माझ्याच ताब्यात असते.
किल्ली माझ्या करदोड्याला.
सदतीस वर्षं.

मी म्हटलं, "त्या गवतावर तुला पाय ठेवू देतील?
तासाला किती घेऊन?"
जरा गप्प बसली. मग म्हणाली,
"तुमी तरी कुठं ठेवू देता,
पोरांची मॅच असली की?"

म्हणून पुढचं खोडून लिहितोय, माफी असावी.
फक्की चुकली तर पायानं पुसता येते,
पेनाची चूक अशी काळी राहते.

आपलं आपलं म्हणून आम्ही काय सांभाळलं?
हलगी सांभाळली. झेंडे सांभाळले.
हरल्यावर दगड उचलायला हात शंभर,
स्क्रू पिळायला एक नाही.
आणि आता कुणी पैसे मोजून घेतो म्हटल्यावर
पोटात कालवलं.
कालवलं ते खरं आहे, साहेब. ते खोडत नाही.
पण ती पोरगी सकाळपासून तहानलेली होती,
तेही त्याच्या खालीच लिहा.

आज बाजारातनं कडी आणली.
पंचेचाळीस रुपये, वर चार स्क्रू.
रोलर ओढून बाहेर काढला, चौघं लागलो.
गंजेल. गंजू दे.
शेडमधली जमीन धुतली तर खाली फरशी निघाली,
चांगली, निळसर. मलाच ठाऊक नव्हती.

हरकत आहे.
विकू नका, एवढंच लिहून सही केली असती परवा.
आज सही करायला हात थांबतोय,
तरी करतो.

उद्या चारला मुलींचा सराव.
फक्की मारून ठेवतो.
तुम्ही या, टेप घेऊन या.
पायऱ्या मोजू.
खालची उकरावी लागेल,
फावडं माझं आहे.

कळावे.
सोबत : कडीची पावती, एक.