पंखा नंबर तीन

सलमाबादला, गॅरेजांच्या मागच्या गल्लीत,
टायरवाल्याच्या डोक्यावर आमची खोली.
भाडं नव्वद दिनार, वीज वेगळी.
इथे बसवायचं होतं एक यंत्र
ज्याला दोनशे बारा जणांची नावं पाठ हवीत,
आणि कुणाचा महिना कधी संपतो तेही.

इम्तियाज सरखोत, माझा भागीदार, श्रीवर्धनचा,
नव्याच्या बाजूचा.
मनामातल्या डीलरचं कोटेशन
लग्नपत्रिकेसारखं दोन्ही हातांत धरून आला:
तीन वर्षांची वॉरंटी, चार तासांत माणूस हजर.
"चार तासांत? गुरुवारी रात्री?"
"कागदावर तरी," तो म्हणाला.

पाकिटाच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
नवा घेतला तर एकच येतो,
आणि एकटा सर्व्हर म्हणजे
एकाच किल्लीचं कुलूप:
हरवेपर्यंत सगळं छान.
शिवाय पत्रकात लिहिलंय, पस्तीस अंशांपर्यंत चालेल.
आमच्या एसीला पत्रक वाचता येत नाही.

सित्र्याच्या गोदामात
एका गुंडाळलेल्या कंपनीचं सामान होतं विकायला.
बाई झाकण उघडतेय म्हटल्यावर
गोदामवाला अब्दुलजलील खुर्ची घेऊन आला,
बसायला की बघायला, कळलं नाही.
दोन पॉवर सप्लाय. मेमरी भरपूर.
डिस्का काढून नेलेल्या, पडलेल्या दातांसारख्या खाचा.
आणि कोपऱ्याकोपऱ्यात
शमाल वाऱ्याने आणून ठेवलेली मैद्याहून बारीक धूळ.
बोट फिरवून जिभेला लावलं.
खारट.

झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटपट्टी,
तिच्यावर निळ्या बॉलपेनने गोल गोल मल्याळम अक्षरं.
फोटो काढला, परत आले,
खालच्या करक चहावाल्या सुगुणनला दाखवला.
त्याने चष्मा कपाळावर चढवला,
मोबाइल नाकाशी नेला,
आणि हसलाच एकदम:
"पंखा नंबर तीन रडतो. घाबरू नका.
पंखा नंबर पाच गप्प झाला, तर घाबरा."

सही नाही, तारीख नाही.
कुणीतरी रात्रपाळीचा,
नोकरी जाणार हे कळल्यावर की त्याच्या कितीतरी आधी,
पुढे येणाऱ्यासाठी लिहून गेलेला.
इम्तियाजने चहा संपवला.
कोटेशनची घडी घालून कपाखाली ठेवली.
"पाच नंबर कुठला," म्हणाला, "ते आधी बघून ये."

दोन घेतले. तीनशे दहा दिनार, टेम्पो धरून.
डिस्का मात्र नव्या कोऱ्या,
तिथे मी ऐकत नाही कुणाचं.
टायरवाल्याच्या पोरांनी वर चढवले,
वजन बघून विचारलं, "तिजोरी आहे का?"
नाही म्हणताना मी जरा अडखळले.

आता जुलै.
रात्री दोनला पार्टिशनपलीकडे तीन नंबर रडतो,
कुत्र्याच्या पिल्लासारखा, थांबून थांबून.
त्या आवाजावर मला झोप लागते.
पलीकडच्या कॅम्पात कुणीतरी
पायऱ्यांवर बसून फोनमध्ये म्हणत असतं,
दात दाखव, बाळा, वरचा, वरचा.
पाच नंबर चालू असतो. त्याचा आवाज
ऐकू येत नाही, फक्त असतो.

काल झाकण उघडलं होतं धूळ पुसायला.
चिकटपट्टी तशीच ठेवली.
तिच्याखाली दुसरी लावली, मार्करने मराठीत लिहिलं:
एसीच्या पाण्याची बादली
रात्री अकराला ओतायची. विसरू नये.