शेऱ्याचा रकाना

दुधाच्या वहीत सहा रकाने असतात:
तारीख, लिटर, फॅट, डिग्री, रुपये,
आणि शेवटी शेरा, जो कुणीच भरत नाही.
मी भरायला लागले, कारण झोप येईना.

त्या दिवशी सर्व्हेचे गुरुजी येऊन गेले होते.
चहा घेतला, साखर जरा कमी म्हणाले,
आणि रेवणच्या नावापुढे लिहिलं: शाळाबाह्य.
रेवण तेव्हा खरंच बाहेर होता,
गोठ्यामागे पालथा पडून
मुंगळ्यांच्या रांगेला काडीचा पूल देत.

"तुझं तर डीएड झालंय," जाऊबाई म्हणाल्या,
"आणि पोरगं घरात?"
झालंय म्हणूनच, असं म्हणायचं होतं.
म्हटलं, भाकरी करपतीये.

रात्री, चार लिटर दोनशेच्या शेजारी, बारीक अक्षरात:
रेवण म्हणतो, मुंगळ्यांना वळणावर ब्रेक लागत नाही.
दुसऱ्या रात्री:
भागाकार. शेंगा सतरा, माणसं तीन.
उरलेल्या दोन कोंबडीला टाकल्या. बाकी शून्य, म्हणाला.
तिसऱ्या रात्री:
आज काही शिकवलं नाही. मी रडले.
त्याने दूध उतू जाऊ दिलं नाही.

रकाना करंगळीएवढा.
त्यात मावेल तेवढंच लिहायचं,
ही शिस्त मला बरी वाटली.

पितृपक्षात केंद्रावर वह्यांची अदलाबदल झाली.
शिळीमकरांचा पोरगा, कानात गाणी,
माझी वही टेम्पोतून वरच्या गावाला गेली
आणि कुणा रेणुसेंची माझ्या पिशवीत.
परत आली तेव्हा माझ्या शेऱ्याखाली
हिरव्या शाईत आणखी एक शेरा:
कोंबडीलाही वाटेकरी धरलं तर चार-चार,
आणि बाकी एक. विचारून बघा त्याला.
आणि समासात, आडवं:
माझीपण घरीच असते. आठ वर्षांची. जुई.
कुणाला सांगू नका, असं लिहिणार होते.
पण सांगा.

मी ते चुलीच्या उजेडात वाचलं,
मग बल्ब लावून वाचलं.
रेवण म्हणाला, कोंबडीला विचारावं लागेल.

मग वह्या मुद्दाम चुकायला लागल्या.
एकदा रेणुसेबाईंचे तीनशे बारा रुपये माझ्या नावावर पडले.
ते मी चिंचोके भरलेल्या पाकिटातून पाठवले,
मोजायला जुईसाठी.
पाबे घाटाकडच्या एका वेल्डरचा शेरा
आठवड्यातून एकदा, एकच शब्द:
जमलं.
कधी: नाही.
त्याचा मुलगा फार बोलत नाही,
हे आम्हाला फार उशिरा कळलं,
तोही तसाच असेल असं वाटलेलं.

आणि कात्रजच्या तपासनिसाने
लाल पेन्सिलीने खरडलं:
शेऱ्यात फक्त दुधाविषयी लिहावे.
खाली, अगदी बारीक:
मुंगळ्यांचं खरं आहे का?

मार्गशीर्षात आम्ही भेटलो, केंद्राच्या मागे,
कॅन धुतात तिथे.
चेहऱ्यावरून कुणी कुणाला ओळखलं नाही.
बारीक अक्षराच्या रेणुसेबाई
लांबूनच हाक मारत आल्या, सगळा रस्ता जागा करत.
वेल्डरने डब्यातून गूळपोळ्या आणल्या होत्या,
स्वतः केलेल्या, एका बाजूने जाड.
मुलं पाच.
थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग जुईने डिग्री मोजायची काचनळी
पाण्याच्या बादलीत सोडली,
रेवणने गुळाच्या पाण्यात,
आणि वेल्डरचा मुलगा म्हणाला, "बुडंना."
त्याच्या बापाने पोळी हातातच ठेवली.
आम्ही तिकडे न बघता
गोठ्यांविषयी बोलत राहिलो.

रात्री वही उघडली. रकाना तेवढाच.
आज, एवढं लिहिलं
आणि डोळा लागला.
सकाळी पुढे रेवणचं अक्षर होतं, रेघेबाहेर गेलेलं:
आज खुप जन.
मी लाल पेन शोधत होते,
तेवढ्यात फाट्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला.