सुटा कागद, एक

खोका सतरा. आत तपकिरी कातडी वही,
पुठ्ठ्यावर बिअरच्या पेल्यांचे गोल डाग.
लँकेशरच्या एका खोऱ्यातल्या विणकरांचं वनस्पती मंडळ,
महिन्याच्या पहिल्या रविवारी
‘तीन कोकरं’ नावाच्या गुत्त्यात भरणारं.
माझं काम यादी करण्याचं. वाचण्याचं नाही.

तरी वाचते.

चिटणीस जेबेझ एंटविसल. अक्षर ताण्यासारखं सरळ,
शुद्धलेखन मात्र तुटल्या धाग्यांचं.
लॅटिन नावं तेवढी बिनचूक.
बायकोचं नाव तो तीन तऱ्हांनी लिहितो,
शेवाळाचं एकाच.

‘सभासद ऑग्डन उशिरा आले. दंड एक पेनी.’
‘सभासद ग्रीनहॉल यांनी गवताला लव्हाळा म्हटलं. दंड दोन पेन्स.
सगळे हसले, तेही नोंदवावं असं ठरलं.’
‘पुस्तकांच्या पेटीची किल्ली
गुत्तेवाल्याच्या विधवेकडे राहील,
कारण ती पीत नाही.’

मग अठराशे बासष्ट.
अमेरिकेत लढाई, इकडे कापूस बंद.
माग उभे, धोटे धूळ खात.
वहीतले दंड थांबतात. कोणी उशिरा येतच नाही,
दुसरीकडे जायला जागा कुठे होती?
वर्गणी: बाकी. बाकी. बाकी.
पेटीतली पुस्तकं विकावीत का, यावर दोन तास चर्चा.
विकलं ते पेटीचं पितळी कुलूप.

पुढच्या मार्चच्या पानाला टाचलेलं एक पत्र,
जाड, सायीच्या रंगाचा कागद, लाखेवर ससाणा.
लंडनहून कोणी लायोनेल फॅनशॉ लिहितात:
आपल्या मंडळाला म्हणे एक नेचा ठाऊक आहे,
पान इतकं पातळ की त्यातून वर्तमानपत्र वाचावं.
जागा कळवल्यास दहा पौंड.
मुळासकट काढून काचगृहात आणायला
माळी तयार आहेत.

दहा पौंड.
मी शेजारच्या खोक्यातून मदत समितीचा हिशेब काढला.
ऑग्डनच्या घरी त्या आठवड्यात खाणारी तोंडं सात,
मिळाले चार शिलिंग अकरा पेन्स.

सभा रात्री अकरापर्यंत चालली, हे वहीत आहे.
कोण काय बोललं, ते नाही.
एवढंच, की ‘सभासद ग्रीनहॉल बाहेर गेले व परत आले.’
त्याखाली चार ओळी खोडलेल्या,
इतक्या दाबून, की मागच्या पानावर वळ उठलेत.
मग:
‘जागा पडक्या चुनाभट्टीमागे आहे असं कळवावं.
सभासद ऑग्डन यांचं म्हणणं एकमतानं मान्य:
खोटं बोलायचंच, तर त्याचे पैसे घेऊ नयेत.’

मे महिन्यात फॅनशॉंचं दुसरं पत्र.
त्यात नेच्याचा शब्द नाही.
माळ्याच्या सुजलेल्या हातांचा आहे.
आणि वहीत, त्याच आठवड्यात,
‘चुनाभट्टीमागे पाहणी केली. खाजोटी, विपुल.
कोवळे शेंडे सभासदांत समान वाटले, रशासाठी.’

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचं अस्तर सुटलंय.
बोट घातलं तर घडी लागली हाताला.
पेन्सिलीचा नकाशा. पूल, पुलापासून मोजलेली पावलं,
धबधब्याची उभी रेघ, आणि कडेला:
पाण्यामागे हात घाल. उजवीकडे, कोपरापर्यंत.
ओढू नकोस.
अक्षर एंटविसलचं नाही.
खाली नाव, केझाया,
चौथ्या तऱ्हेनं लिहिलेलं. म्हणजे बहुतेक बरोबर.

तो पूल अजून आहे. मी रोज बसनं त्यावरून येते.

साहेबांना यादी पाचपर्यंत हवी.
शेवटच्या रकान्यात लिहिलं:
सुटा कागद, एक. पेन्सिल.
अक्षर लागत नाही.