खर्च नाही

मोडी वाचायचे मला पानामागे साठ रुपये मिळतात.
या महिन्यात खळदकर सरदारांची कीर्द आली आहे,
लाल बासनात, कसर लागलेली:
श्रीमंत रंगराव, वय एकोणीस,
यांस विलायत दाखवून शहाणे करून आणणे,
सन अठराशे एकोणनव्वद.

शहाणे करायला बरोबर कोण, तेही लिहिले आहे.
हॉजेस मास्तर.
आचारी धोंडभट, गंगेचा गडू आणि अर्धा मण मेतकूट घेऊन.
हिशेबाला गणो भिकाजी, कसबा पेठ, दरमहा रुपये बारा.

अक्षर गणोचे. घोटीव. बोरू कुठे अडखळत नाही.
मुंबईस हातमोजे, तीन जोड.
एडन: लिंबे.
पॅरिस: नाच शिकविणारीस, आठ दिवसांचे,
आणि खाली 'किरकोळ' म्हणून एवढी मोठी रक्कम
की मी भिंग लावून दोनदा पाहिले. किरकोळच आहे.
फ्लॉरेन्स: पुतळा संगमरवरी, नाक तुटके,
किंमत मात्र सबंध.

आणि मध्येच, रकमेच्या जागी रेघ ओढून,
"दुपार. श्रीमंत निजले. मी बाहेर. खर्च नाही."

ते कलम सोडून मी पुढे गेलो होतो.
मग रोमला पुन्हा. व्हेनिसला चार वेळा.
"मी बाहेर. खर्च नाही."
काय पाहिले ते लिहीत नाही;
मालकाच्या वहीत ते कुठल्या खाती घालणार?
फक्त एकदा: "घुमट. पायऱ्या चारशे त्रेसष्ट.
वरून गाव पाहिले. कौले आपल्यासारखीच."

दीड वर्षाने परत.
ओंकारेश्वरी श्रीमंतांचे प्रायश्चित्त, पंचगव्य,
दक्षिणेसुद्धा रुपये चारशे अकरा.
धोंडभटाचे सात.
गणो भिकाजीचे: रेघ.
त्याने घेतले नाही की कोणी दिले नाही,
कागद बोलत नाही.

रंगराव काय शिकले म्हणाल, तर
बिलियर्डचे टेबल आले, ते दारातून आत जाईना.
भिंत पाडल्याची गवंड्याची मजुरी लागली आहे.

शेवटचे पान ओलीने चिकटले होते,
वाफेवर धरून सोडवले.
बेरीज नाही, शिक्का नाही.
"आज पर्वती. पायऱ्या एकशे तीन.
जन्मभर चढलो, मोजल्या नव्हत्या."

बिलात हे पान मी धरलेले नाही.
सध्या तरी.