रूम तीनशे चार, रोला

उपाली खालच्या बंकवर, शिवनेसन वरच्या.
त्यांच्या देशाची निवडणूक
मधल्या दोन हात पोकळीत चालू आहे
गेले अकरा दिवस.

मला दोघांचीही भाषा येत नाही.
भांडतात मात्र ते हिंदीत,
शारजाच्या त्या मोडक्या हिंदीत,
जिच्यात क्रियापदाला वाली नसतो.
एकमेकांची भाषा त्यांनी शिकली नाही
आणि शिवी तर समोरच्याला कळायला हवी.

उमेदवारांची नावं माझ्या तोंडात बसत नाहीत.
एक म्हातारा. एक त्याहून म्हातारा.
एकाने म्हणे देश विकला,
दुसऱ्याने म्हणे गिऱ्हाईक आणलं.
"तुझा माणूस चोर," वरून.
"चोर, पण हिशेब येतो त्याला," खालून.
"हिशेब येतो म्हणूनच."
मग थोडा वेळ फक्त
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.

उपालीचा मेव्हणा पेट्रोलच्या रांगेत
दोन रात्री रिक्षातच झोपला.
तिसऱ्या सकाळी रांग सरकली, तो सरकला नाही.
मागच्यांनी हॉर्न वाजवले.
भांडणात उपाली हे कधीच काढत नाही.
मला शिवनेसनने सांगितलं, गच्चीवर, वाळलेले कपडे काढताना,
आणि म्हणाला, मी सांगितलं म्हणून बोलू नको.

शिवनेसनचंही काही असणार.
गाव विचारलं की तो जिल्हा सांगतो.

परवा दोघांनी मिळून मलाच धरलं.
तू तिसरा. बोल, तुझं मत कुणाला?
म्हटलं, बाबांनो, मी देवगडचा,
अ‍ॅल्युमिनियमच्या गोदामात स्क्रू मोजणारा,
आमच्याच यादीतून माझं नाव दोनदा गळलंय.
खल्ली वल्ली करा आता, डाळ करपतेय.

पण आत कुठेतरी चरचरलं.
आमचा रुपया पडतो त्या दिवशी
दुपारच्या सुटीत मी एक्स्चेंजला पळतो.
काचेमागे हिरवे आकडे,
रांगेत सगळे आपलेच, चेहरे लग्नघरातले.
शेजाऱ्याचं नव्हे, स्वतःचं घर ढासळल्याचं ऐकून
तांब्याची भांडी वेचायला निघावं तसे.
आज पाठव. नको, अजून चढेल, थांब.
देशाचं काय होईल, असं
त्या रांगेत कुणी विचारल्याचं आठवत नाही.
मीही नाही.
उलट बायकोला फोनवर म्हटलं होतं,
अजून थोडा पडू दे, स्लॅब उरकून घेऊ.

आज तिकडे मतदान.
इथून मत देता येत नाही,
आणि विमानाचं तिकीट म्हणजे उपालीचा दीड पगार.
तो पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून
पलंगावर बसलाय, कुठेच जायचं नसताना.
वरून दोन पाय लोंबताहेत, टाचांना भेगा.
"शर्ट कशाला?" पायांनी विचारलं.
"तुझा म्हातारा आज पडणार. त्याच्या मयताला."

कार्गोवाला नऊला येणार होता.
खोका उघडला: दुधाच्या पावडरचे डबे,
तापाच्या गोळ्या, मेणबत्त्या, भाचीच्या वह्या,
सायकलची एक चेन.
वजन एकोणतीस किलो आठशे. तीसपर्यंत दर तोच.
शिवनेसन खाली उतरला,
आपल्या कप्प्यातून चहाचं पाकीट काढलं,
त्यांच्याच देशाचा चहा, इथल्या दुकानातून घेतलेला,
आणि खोक्यात कोंबला.
"तिकडे चहा कोण पाठवतं, येड्या?"
"तुझ्या माणसाने तोही विकलाय. विचार घरी."
"माझ्या? तुझ्या!"
"टेप धर आधी."

टेप मी धरली.
एकाने खोक्यावर गुडघा रोवला, दुसऱ्याने दातांनी तोडली.
लिफ्ट महिनाभर बंद आहे.
जिन्यावरून खोका उतरवताना
दुसऱ्या मजल्यापर्यंत शब्द कळत होते,
मग नुसते आवाज,
मग कार्गोच्या गाडीचं दार.

फोन थरथरला. एक्स्चेंजचा मेसेज, आजचा दर.
मी हात पुसले
आणि उघडला.