हलस

तिहामाच्या उतारावर बाभळीला बिलगून
चढलेली ही वेल द्राक्षांच्याच भावकीतली,
पण आमंत्रणाच्या यादीत न धरलेली.

तक़िया पानं खुडते. जाड, मेणचट,
मुसफिरच्या तळहाताएवढी.
उकळायची, पाणी फेकायचं,
पुन्हा उकळायची.
तिसऱ्या पाण्याला घशाची खाज जाते,
आंबटपणा नाही.

आंबट म्हणून पाठ फिरवायला
कोल्ह्याचं पोट भरलेलं असावं लागतं.

पूर्वी हे तोंडीलावणं होतं:
लसूण, मिरची, वरून तिळाचं तेल.
यंदा तेच ताट.

मुसफिर विचारतो,
द्राक्षं अशीच लागतात का गं?
तिनं एकदाच खाल्लीत, लग्नात, सनाहून आलेली.
"नाही," ती म्हणते,
आणि कढईकडे बघत राहते.
"ती लवकर संपतात."