चार सावल्या

रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना असतो.
पहाटे ४.१० ते ४.२२, मागच्या बाजूचे चारही हॅलोजन बंद.
कारण :
तिथे मी अजून काही लिहिलेलं नाही.

ती आदल्या संध्याकाळी येऊन गेली होती.
आरेच्या उतारावर, पाडा संपतो
आणि आमच्या साइटचा पत्रा सुरू होतो,
तिथल्या फटीतून.
नाव विचारलं तर म्हणाली, मथी हाडळ.
काम विचारलं तर म्हणाली, आवतण द्यायला आलेय.
कुणाला?
तिनं पत्र्याकडच्या झुडपाकडे हनुवटी केली.

खरं सांगतो, त्या झुडपापाशी
सहा महिने मी रोज रात्री आडोशाला जात होतो.
काटेरी वेल. पानं कसली, नुसते हिरवे केस.
तिच्या पुढ्यात तिनं चिमूटभर तांदूळ ठेवले, एक सुपारी,
आणि सोयऱ्यांच्या घरात बोलावं तसं हळू म्हणाली,
उद्या येते न्यायला. सुनेला दूध उतरंना.
तयार राहा.
मी बॅटरी उगाच दुसरीकडे मारत उभा.

पहाटे आली तेव्हा पायांत चप्पल नव्हती.
हातात लोखंड नाही, सागाची टोकदार काठी फक्त.
दहा पावलांवर थबकली, जमिनीकडे बघत राहिली.
मला वाटलं, जनावर निघालं.
म्हणाली, सावली पडता कामा नये तिच्यावर.
आणि हे बघ, माझ्या चार.

खरंच चार होत्या.
एक डंपरकडे, एक सिमेंटच्या थप्पीवर,
एक माझ्या बुटांपर्यंत आलेली,
आणि चौथी थेट वेलीच्या अंगावर.
तिच्या सासूला एकच असायची म्हणे,
तीही चांदणं असलं तर.
वाकून बघितलं, बसून, मागे सरकून.
प्रत्येक वेळी कुठली ना कुठली सावली
तिच्या आधी पोचायची.

दवाखान्यात दाखवलं का, मी विचारलं.
दाखवलं की. गोळ्या चालू आहेत.
डॉक्टरीणबाई चांगली आहे,
पण ती हिला कुठं ओळखते.
मग मी वेलीचं नाव विचारलं.
तिनं तोंडावर बोट ठेवलं.
चल लवकर, कावळा बोलायच्या आत.

मी खटका ओढला.

अंधार काय असतो ते विसरलो होतो.
आधी काहीच नाही. मग रातकिडे,
जे बहुतेक आधीपासूनच ओरडत होते.
मग काठीनं माती उकरल्याचा आवाज,
तिचं पुटपुटणं,
आणि एक वास, कच्च्या शेंगेसारखा, थोडा गोड.

दिवे लावले तेव्हा पदरात पांढरी बोटं होती, झुपकाभर.
सगळी नाही घेतली. निम्मी खाली ठेवून
माती लोटली, तळव्यानं थापटली,
मूल निजवतात तशी.
तिथूनच फक्कीची रेषा गेली आहे,
गुरुवारी जेसीबी येणार.
मी तिला ते सांगितलं नाही.
ती रेषा ओलांडूनच आली होती,
तीही काही बोलली नाही.

मी म्हटलं, माफ कर, मी रोज इथं...
माहीत आहे, म्हणाली, वासावरनं कळलं.
धुऊन घेईन.

सुनेला दूध आलं का, मला ठाऊक नाही.
आवक-जावकच्या वहीत एवढंच आहे :
आत, एक बाई.
बाहेर, दोन.
सुपरवायझरनं दोनाखाली लाल रेघ मारली आहे.

तेव्हापासून आडोशाला मी पार गेटापलीकडे जातो.
जाताना खाली बघतो,
माझ्या किती आहेत.